वरची मूठ

त्या पत्राला दादांनी उत्तर दिलं नव्हतं. अनुत्तरित राहिलेली आणखीही पत्रं असतील. माणूस सत्तरी ओलांडतो तोवर अशी दोनचार मागे पडतातच. पण ती कुणाची, कशाबद्दलची, हे आता त्यांना आठवत नसे. हे एक मात्र तोंडपाठ होतं. निळसर पातळ कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, त्यामुळे पुढची शाई मागे आणि मागची पुढे उमटलेली. पाचव्या ओळीत एक शब्द खोडलेला आणि लगेच पुढे पुन्हा तोच लिहिलेला. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. खोडून पुन्हा तोच शब्द लिहिणारं माणूस कसं असतं हे दादांना चांगलं ठाऊक होतं. ते स्वतः त्याच जातकुळीचे.

पत्र येऊन साडेअकरा महिने झाले होते, आणि पत्रात मुदत होती एका वर्षाची.

छापखाना बंद पडला तेव्हा दादा आपल्या पुस्तकांच्या दोन ट्रंका घेऊन धाकट्या भावाकडे राहायला आले. लग्न केलेलं नव्हतं. दोनदा जुळत आलं होतं, पण दोन्ही वेळा त्यांनी विचार करायला थोडा वेळ मागितला आणि तो घेता घेता समोरच्या मुलींना मुलं झाली. धाकट्याचा धंदा कॉफी भाजायचा. वडिलांपासूनची भट्टी खालच्या मजल्यावर, वर तीन खोल्या. घरात सगळ्याला भाजलेल्या बियांचा वास. टॉवेलला, उशीला, दादांच्या शब्दकोशाच्या पानांनासुद्धा.

गावातली गिऱ्हाइकं मोठ्या दुकानांनी केव्हाच पळवली होती. धाकट्याला तारलं ते परदेशातल्या, बहुतेक एकाच देशातल्या, किरकोळ गिऱ्हाइकांनी. कुणी कधी प्रवासात त्याची कॉफी प्यायलेलं, कुणाला कुणी सांगितलेलं. अर्धा किलो, एक किलो, फार तर तीन. महिन्याला साठेक पाकिटं जायची. धाकटा बिया भाजायचा, भावजय फोनवरच्या मागण्या उतरवून घ्यायची आणि पिशव्या भरायची, आणि कागदाचं काम दादांकडे आलं होतं. प्रत्येक पाकिटावर कस्टमचा छापील फॉर्म लागतो: आत काय आहे, वजन किती, किंमत किती, खाली सही. दादा ते मोत्यासारख्या अक्षरात भरत. छापखान्यात त्यांना सगळे कानामात्रा म्हणत. ते टोपणनाव धाकट्यानं घरी आणलं होतं.

"कानामात्रा, झालं का तुझं? पोस्टाची गाडी काय तुझी वेलांटी वाळायची वाट बघणार आहे?"

"झालं, झालं. शेवटची ओळ."

ही शेवटची ओळ कधी संपत नसे.

त्या घराची एक रीत होती. तराजूवर माल मोजून झाला की वर एक मूठ टाकायची. वडिलांनी घातलेली रीत. मोजून दिलं तो वाणी, वर टाकलं तो आपला, असं ते म्हणायचे. पाकीट समुद्रापलीकडे जाणार असो नाहीतर गल्लीच्या टोकाला, धाकट्याची मूठ चुकायची नाही. त्याचा पंजा मोठा. एका मुठीत शंभर ग्रॅमला कमी बिया येत नसत.

जोवर लहान पाकिटांना जकात नव्हती तोवर या मुठीचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. ठराविक किमतीच्या आतलं पाकीट असेल तर ते तसंच सोडून द्यायचे. मग एके दिवशी तिकडच्या सरकारनं ही मर्यादा निम्म्यावर आणली. मर्यादेच्या आत असाल तर माफ. एक कवडी वर गेलात तर सगळ्या मालावर जकात, शिवाय कागद तपासायची फी, शिवाय घरी आणून द्यायची फी. नवे फॉर्म आले. त्यावर ठळक अक्षरात छापलं होतं: पाकिटातील प्रत्येक वस्तू व तिची किंमत वेगळी लिहावी. चुकीची माहिती देणे गुन्हा आहे.

दादांनी ते वाक्य दोनदा वाचलं. फॉर्मवर लिहिलंय दोन किलो, आणि पिशवीत आहे दोन किलो आणि एक मूठ. म्हणजे इतकी वर्षं आपण खोटं लिहीत आलो.

"मूठ वेगळ्या पुडीत बांधायला हवी," त्यांनी भावजयीला सांगितलं. "आणि वजन करून द्या मला."

"मुठीचं वजन?" धाकटा भट्टीपाशी होता, तिथून ओरडला. "अरे, मुठीला कसला भाव? ती देणगी आहे."

"कागदाला भाव लागतो."

"मग शून्य लिही!"

"शून्य चालत नाही. बाजारात जी किंमत येईल ती लिहा, असं मागच्या बाजूला छापलंय."

"मागची बाजू वाचणारा जगात तू एकटाच."

हे खरं होतं. पोस्टातल्या खिडकीवरचा कारकूनही तेच म्हणाला होता. त्यानं फॉर्म पाहिला, चष्मा वर केला. "आजोबा, वस्तू क्रमांक दोन, नमुना कॉफी, शंभर ग्रॅम? एवढं कुणी लिहीत नाही हो."

"पण आहे ना ती आत," दादा म्हणाले.

"असू दे की. आत तर काय काय असतं."

दादांना त्याची थोडी कीव आली होती. बाहेर पडताना त्यांना स्वतःबद्दल बरंही वाटलं. असं वाटण्याचे प्रसंग त्यांच्या आयुष्यात थोडे, म्हणून तो दिवस त्यांच्या लक्षात राहिला.

त्यानंतर मागण्या घटू लागल्या. साठाच्या पन्नास, पन्नासाच्या तीस. पाकिटं परत यायला लागली, दाराशी नाकारलेली, कोपरे चेपलेली, आतल्या बिया शिळ्या लाकडासारख्या. धाकटा प्रत्येक परत आलेलं पाकीट फोडायचा, नाक घालायचा आणि त्या सरकारच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. भावजयीनं घरातली दुधाची एक पिशवी कमी केली. भट्टी रोज पेटायची ती दिवसाआड पेटू लागली.

आणि मग ते निळसर पत्र आलं. पत्रांचा डबा उघडायचं काम दादांचंच होतं.

लिहिणारी बाई त्यांना फॉर्मवरून माहीत होती. दूर एका बंदराच्या शहरात तिचं कॉफीचं दुकान होतं, चार टेबलांचं. घरात तिला चार टेबलंवालीच म्हणत. सहा वर्षांचं गिऱ्हाईक. दर पंधरवड्याला दोन किलो, कधी चुकली नाही. तिनं लिहिलं होतं की गेल्या चार महिन्यांत आठ पाकिटांवर तिनं जकात आणि दोन्ही फिया भरल्या आहेत. नियम बदलला म्हणून सगळ्यांनाच भरावं लागतं असं समजून ती गप्प राहिली. मग एक दिवस तिथल्या अधिकाऱ्यानं तिला फॉर्म दाखवला. दोन किलो कॉफी मर्यादेच्या आत होती, जेमतेम का होईना पण आत. वस्तू क्रमांक दोनमुळे ती वर जात होती. दर वेळी. ही वस्तू क्रमांक दोन मी कधी मागवली नव्हती, तिनं लिहिलं होतं. आम्ही ती दुकानात येणाऱ्या एका म्हाताऱ्या खलाशाला देतो, तो ती चघळतो.

पुढचं कामाचं होतं. ज्याच्या सहीनं फॉर्म भरले त्याच माणसानं सहीनिशी लिहून द्यायचं, की क्रमांक दोन न मागता पाठवलेली भेट होती, तिला विक्रीची किंमत नव्हती, आणि किंमत चुकून लिहिली गेली. तसं पत्र वर्षाच्या आत पोचलं तर आठही पाकिटांचे पैसे परत. ते मिळाले तर माझं थकलेलं भाडं फिटेल, तिनं लिहिलं होतं, आणि दुकान राहील. 'राहील' हाच तो शब्द, खोडून पुन्हा लिहिलेला.

दादा त्याच दिवशी पोस्टात गेले. कारकुनाला त्यांनी आडून आडून विचारलं, समजा एखाद्याकडून फॉर्ममध्ये चूक झाली, आणि त्यानं ती कबूल केली, तर काय होतं?

"एकदा झाली तर काही नाही. पण आठदहा वेळा तीच चूक म्हणजे मग तिकडून इकडे प्रत येते. पाठवणाऱ्याची नोंदणी वर्षभर बंद. परदेशी एक पाकीट जाऊ देत नाहीत." कारकुनानं वर पाहिलं. "का? कुणी केलीय?"

"नाही, सहज," दादा म्हणाले.

घरी येऊन त्यांनी जुन्या फॉर्मांचे गठ्ठे काढले. चार टेबलंवालीचं एकटीचं नव्हतं. जी गिऱ्हाइकं गेली त्यांतली सतरा अशी होती की मूठ नसती तर मर्यादेच्या आत राहिली असती. सरकारनं घर बुडवलं असं धाकटा रोज ओरडत होता, आणि ते पुरतं खरं नव्हतं. थोडं सरकारनं, थोडं वडिलांच्या मुठीनं, आणि बरंचसं कानामात्रानं.

आता खरं तर सांगून मोकळं व्हायचं. पण दादांचं असं होतं की एखादी गोष्ट सांगायची म्हटली की ती आधी मनात नीट लिहून काढायची आणि मग तपासायची. आणि तपासायला बसलं की एकही वाक्य धड उतरत नसे. त्या रविवारी त्यांनी धाकट्यापुढे फक्त एवढंच काढलं, "परदेशच्या पाकिटांत मूठ नको टाकूया आता."

धाकटा हातातली चाळणी ठेवून वळला. "का?"

"कशाला उगाच वजन."

"बापाची मूठ आहे ती. बंद करायची तर माझे हात बंद झाल्यावर कर. तुला काय, तू कधी भट्टीला हात लावलास?"

मग दादांनी जे केलं ते एखाद्या चोरालाही सुचलं नसतं. पिशव्या भरून, मुठीची पुडी आत टाकून भावजय त्या वर त्यांच्याकडे पाठवायची. फॉर्म चिकटवून खोक्याला पट्टी मारायचं काम त्यांचं. पट्टी मारण्याआधी चार टेबलंवालीच्या आणि मर्यादेच्या काठावरच्या इतर पाकिटांतून ते पुडी हळूच काढून घेऊ लागले. फॉर्मवर वस्तू क्रमांक एक, बस. पुड्या ट्रंकेत, पुस्तकांखाली. फेकवत नव्हत्या. वापरवत तर त्याहून नव्हत्या.

चार टेबलंवालीला त्यानंतर जकात पडली नाही. दादांना वाटलं, हेच उत्तर झालं. पण मागच्या आठ पाकिटांचं काय, हे ते स्वतःला विचारायचे आणि दुसऱ्या दिवशी लिहू म्हणायचे. मसुदे मात्र त्यांनी पुष्कळ केले. एकात माफी फार होती, एकात कमी. एकात 'आमच्याकडून' लिहिलं होतं, ते खोडून 'माझ्याकडून' केलं, आणि तिथेच हात थांबला. कारण माझ्याकडून म्हटलं की खाली सही माझी, आणि सहीखाली धाकट्याचा धंदा.

सात महिन्यांनी नियम पुन्हा बदलला. मर्यादाच काढून टाकली. आता पाव किलोलासुद्धा जकात. सगळंच बुडालं तर आपली चूक त्यात बुडून जाईल, असा एक हलकट विचार दादांच्या मनात आला. नंतर कितीतरी दिवस त्यांना आरशात बघून दाढी करवेना.

महिन्याला नऊ पाकिटं. कधी सात. चार टेबलंवालीची मागणी पंधरवड्याची महिन्यावर गेली, दोन किलोची एकावर.

मग एका मंगळवारी तिचं पाकीट परत आलं.

भावजय जिन्याखालच्या टेबलावर पिशव्या मोजत होती, दादा फॉर्म भरत होते. पोस्टमन खोकं ठेवून गेला. धाकट्यानं त्यावरचा शिक्का वाचला. "दुकान बंद. घेणारं कुणी नाही."

त्यानं शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "बघ. सहा वर्षं. सहा वर्षं हिला मी ताजी भाजून पाठवली. बंद करायचं तर एक ओळ लिहायची! कुत्र्याला हाकलतानासुद्धा माणूस हाड म्हणतं."

"असेल काही अडचण," भावजय म्हणाली.

"अडचण सगळ्यांनाच आहे. हात मोडले होते का हिचे?" त्यानं सुरी घेतली, पट्टी कापली, पिशवी बाहेर काढली, खोकं उलटं करून हापटलं. "आणि मूठ कुठाय? तीपण तिकडच्या चोरांनी खाल्ली?"

"मी माझ्या हातानं टाकली होती," भावजय म्हणाली.

"मग गेली कुठे? बाहेरची पट्टी तर आपलीच आहे. तुझ्या हाताची." हे दादांना.

दादांनी पेनाला टोपण घातलं. ते नीट बसलं नाही, म्हणून काढून पुन्हा घातलं.

"मी काढली," ते म्हणाले. "आणि तिनं लिहिलं होतं."

"कुणी?"

"तिनंच. वर्ष होत आलं."

ते वर गेले. ट्रंकेतली पुस्तकं काढायला वेळ लागला. खाली आले तेव्हा एका हातात पत्र होतं आणि दुसऱ्या हातात पंच्यात गुंडाळलेल्या पुड्या. त्या त्यांनी टेबलावर ओतल्या. बावन्न होत्या. काही पुड्यांच्या कागदाला तेल सुटलं होतं. भावजयीनं तोंडावर पदर धरला. ते रडू होतं की वास, कळलं नाही.

पत्र दादांनीच वाचून दाखवलं. मनात कधीच धड न झालेली वाक्यं त्या दिवशी आपोआप तोंडातून निघाली: फॉर्म, मर्यादा, आठ पाकिटं, इतर सतरा गिऱ्हाइकं, कारकून काय म्हणाला ते. काही लपवलं नाही. धाकट्यानं मधेच एक पुडी फोडली, चार बिया तळहातावर घेऊन नाकाशी धरल्या आणि परत ठेवल्या.

"सतरा," तो म्हणाला.

"सतरा."

"आणि मी रोज तिथे उभा राहून सरकारला शिव्या घालत होतो. तू ऐकत होतास. इथे बसून. वेलांट्या काढत."

दादांनी टेबलाच्या कडेची एक पुडी आत सरकवली.

"आता ते पत्र पाठवलंस तर?"

"नोंदणी बंद. वर्षभर."

"आणि नाही पाठवलंस तर?"

"तिचे पैसे जातील. मुदतीला सतरा दिवस आहेत. जायला दहाबारा लागतात."

"तिचं दुकान तर गेलं की आधीच!" धाकट्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "मेलेल्याच्या तोंडात पाणी घालायला तू माझं घर बुडवणार? सात पाकिटं उरलीत रे महिन्याची. सात. ती गेली की भट्टी मोडीत. लोखंडाच्या भावानं."

"दुकान गेलं, भाडं राहिलंच असेल," भावजय हळूच म्हणाली. "ते थोडंच दुकानाबरोबर जातं."

"तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"मी कुणाच्या बाजूची नाही. मला बाजू घ्यायला वेळ कुठाय?" मग ती दादांकडे वळली. सहसा ती त्यांच्याशी खाली बघून बोलायची. आज तसं केलं नाही. "जन्मभर लोकांच्या चुका काढल्यात, दादा. स्वतःची एक निघाली, तर ती पुस्तकांखाली ठेवलीत. तेव्हाच सांगितलं असतंत, तर तेव्हा साठातली तीस तरी होती. तेव्हा वर्षभर बंद झालं असतं तर आम्ही काहीतरी केलं असतं. आता सांगताय. आता सांगू नका."

"सांगितलं ना आता," दादा म्हणाले.

"हो. आता तेही झालं."

तिनं केरसुणी घेतली आणि सांडलेल्या बिया झाडायला लागली. धाकटा मागच्या दारानं बाहेर निघून गेला. त्या दिवशी भट्टी पेटायचा वार होता, पण पेटली नाही.

पुढचे दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. ताट वाढलं जायचं, पाण्याचा तांब्या सरकवला जायचा. दादा जेवायला बसायचे आणि आपण चावतोय त्याचा आवाज त्यांना फार मोठा वाटायचा. दुपारी खोलीत बसून त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. या वेळी मसुदा केला नाही. सरळ चांगल्या कागदावर लिहिलं:

'तुमच्या आठ पाकिटांच्या फॉर्मवर वस्तू क्रमांक दोनची किंमत मी लिहिली. ती वस्तू तुम्ही मागवली नव्हती आणि आम्ही ती विकत नाही. किंमत लिहिणं ही माझी चूक होती. तुमचं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. उत्तराला उशीर झाला तो टपालामुळे नाही.'

खाली सही केली. मग आठ फॉर्मांचे क्रमांक आणि तारखा. वाचून पाहिलं. शेवटच्या वाक्यापुढे आणखी काही यायला हवं होतं, पण काय यायला हवं ते त्यांना सुचलं नाही, आणि कागदावर जागाही उरली नव्हती. पत्ता दुकानाचा घालावा की पत्राखाली लिहिलेला घरचा, यात अर्धा तास गेला. शेवटी घरचा घातला. ती तिथे राहत असेल की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

पाकीट बंद करून ते टेबलाशी बसून राहिले. खाली जायचं म्हणजे भट्टीपुढून जायचं. धाकटा तिथे असणार. त्याच्या डोळ्यांदेखत हे पाकीट घेऊन दाराबाहेर पडणं त्यांच्यानं होणार नव्हतं, आणि त्याची नजर चुकवून जाणं तर आता अजिबात होणार नव्हतं. असा तिसरा दिवस गेला.

चौथ्या दिवशी सकाळी खालून ओळखीचा आवाज आला. बिया तापल्यावर तडतडतात तो. दादा जिन्यात येऊन उभे राहिले. धाकटा भट्टीचा दांडा फिरवत होता, पाठमोरा, बनियन घामानं पाठीला चिकटलेलं. त्यानं बिया परातीत ओतल्या, हातानं पसरून गार केल्या, भावजयीनं पिशव्या धरल्या. सात पिशव्या. तराजूवर एकेक ठेवून त्यानं काटा स्थिर होईपर्यंत वाट पाहिली. त्याचा हात सवयीनं परातीकडे गेला, बियांत बुडाला, तिथे थोडा वेळ राहिला आणि रिकामा वर आला. सातही वेळा तसंच झालं.

मग तो न वळता म्हणाला, "तिथे उभा राहून काय बघतोयस? फॉर्म भर."

दादा खाली आले. टेबलाशी बसून त्यांनी सात फॉर्म भरले. अक्षर पहिल्यासारखं आलं नाही.

"ही आधी जाऊ देत," धाकटा म्हणाला. "यांची पावती हातात आली की मग तुझं ते टाक. एकाच खिडकीवर, एकाच वेळी नको. ही निघून गेल्यावर."

"बरं."

"कळलं का? आधी ही."

"कळलं रे."

"आणि ते बंद झाल्यावर काय करायचं ते मला विचारू नकोस. मला माहीत नाही." त्यानं हात पुसले. "लोखंडवाला सोमवारी येतो म्हणालाय. नुसता बघायला."

भावजयीनं सातही खोकी कापडी पिशव्यांत भरून दिली. दोन पिशव्या, दोन्ही हातांना एकेक. पत्राचं पाकीट दादांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं होतं. दारात ती म्हणाली, "जिना उतरताना जपून," पण जिना मागे होता, दार पुढे. तिलाही ते कळलं, आणि ती आत गेली.

पोस्टात गर्दी नव्हती. कारकुनानं सात खोकी एकेक करून काट्यावर ठेवली, शिक्के मारले, पावत्या फाडल्या. "क्रमांक दोन बंद वाटतं, आजोबा?"

"बंद."

"शहाणे झालात."

दादा पावत्या घडी करून बाकावर जाऊन बसले. खोकी आत नेली गेली. मागच्या अंगणात गाडी लागली होती. माल चढवल्याचे आवाज येत होते. पुढच्या रांगेत एक बाई मनीऑर्डरीचा फॉर्म भरत होती आणि तिला पिनकोड आठवत नव्हता. गाडीचं इंजिन सुरू झालं, फाटकापाशी अडखळलं आणि दूर गेलं. दादा तरीही बसून राहिले. आत्ता उठून घरी गेलं तरी कुणी काही विचारणार नाही, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. धाकटा तर नाहीच विचारणार. लोखंडवाल्याला तो दारातूनच परत पाठवील, आणि सात पाकिटं आणखी काही महिने जात राहतील.

मनीऑर्डरवाल्या बाईला पिनकोड आठवला. तिचं काम झालं, ती गेली. खिडकी मोकळी झाली.

दादा उठले. पाकीट खिशातून काढताना त्याचा एक कोपरा दुमडला, तो त्यांनी बोटानं सरळ केला.

"रजिस्टर," ते म्हणाले. "परदेशी. लवकरात लवकर पोचेल असं."

कारकुनानं पाकीट काट्यावर ठेवलं. "आत काय?"

"पत्र."

"नुसतंच पत्र?"

"नुसतंच."

त्यानं तिकिटं मोजून लावली, शिक्का शाईवर दाबला आणि दोनदा मारला, एकदा पुढे आणि एकदा मागे. पावती खिडकीतून बाहेर सरकवली. मग पाकीट मागे न बघता डाव्या हाताच्या पोत्यात टाकलं.